नोंदवहीतली लेकरं

फ्लॉरेन्समध्ये उतरलेला प्रवासी दोन रांगांमध्ये हमखास सापडतो. एक रांग कॅथीड्रलच्या लाल घुमटावर चढण्यासाठी, दुसरी अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघण्यासाठी. या दोन्ही ठिकाणांहून चालत पाचसात मिनिटांवर सांतिस्सिमा आन्नुन्त्सियाता नावाचा चौक आहे. तिथे मात्र रांग नसते. पायऱ्यांवर विद्यार्थी वह्या उघडून बसलेले असतात, सायकलवरून कुणी चौक ओलांडून जातं, आणि मधोमध घोड्यावर बसलेल्या ग्रँड ड्यूक फर्दिनांदोचा पुतळा कॅथीड्रलच्या दिशेनं बघत असतो. या चौकात उजव्या हाताला जी लांब, उंच जोत्यावरची, कमानीकमानींची ओसरी दिसते ती ‘ओस्पेदाले देलि इन्नोचेंती’ची. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी बांधलेलं रुग्णालय. युरोपात केवळ अशा मुलांसाठीच उभारलेली ही पहिली मोठी संस्था मानली जाते, आणि रेनेसाँसच्या वास्तुकलेचा आरंभ कुठे झाला असं विचारलं तर बहुतेक अभ्यासक याच ओसरीकडे बोट दाखवतात.

इथे यायचं तर कॅथीड्रलच्या मागून निघणाऱ्या व्हिया देइ सेर्वी या सरळसोट रस्त्यानं यावं, आणि अर्ध्या वाटेवर एकदा मागे वळून बघावं. मागे रस्त्याच्या तोंडाशी घुमट भरून राहिलेला असतो, पुढे चौक उघडतो. घुमट आणि ओसरी, दोन्ही फिलिप्पो ब्रुनेलेस्कीच्याच हातची. ओसरीचं काम १४१९ मध्ये सुरू झालं, घुमटाचं १४२० मध्ये. म्हणजे जगातल्या सर्वांत धाडसी घुमटाचं गणित ज्या डोक्यात चाललं होतं, त्याच डोक्यात त्याच दिवसांत बेवारस बाळांच्या घराचंही गणित चाललं होतं.

त्या गणिताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डोळ्यांना जे सुख होतं त्याचं मूळ तिथेच आहे. फ्लॉरेन्समध्ये लांबी ‘ब्राच्चो’त मोजत. हा तिथला हात म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर. ब्रुनेलेस्कीनं खांबाची उंची दहा ब्राच्चो ठेवली, दोन खांबांतलं अंतरही दहा, आणि ओसरीची खोलीही दहा. म्हणजे प्रत्येक खण हा एक घन झाला, लांबी-रुंदी-उंची सारखी असलेला. खणावर कमान अर्धवर्तुळाची, आणि आत वर फुगलेल्या शिडासारखा बसका घुमट. असे नऊ खण एका ओळीत. खांब, कमानींच्या कडा आणि वरची आडवी पट्टी पिएत्रा सेरेना नावाच्या करड्या, किंचित निळसर झाक असलेल्या दगडाची. बाकी सगळा पांढरा गिलावा. बस्स. सोनं नाही, संगमरवराचे रंगीत पट्टे नाहीत, टोकदार मनोरे नाहीत. त्याआधीच्या शंभर-दीडशे वर्षांत याच शहरात जे बांधलं गेलं ते बघून इथे आलं की फरक एकदम जाणवतो. इथे काहीच ओरडून सांगितलेलं नाही. एका खांबाशी उभं राहून पुढच्याकडे बघितलं की पुढची कमान कुठे वळणार हे डोळ्याला आधीच कळतं, आणि ती तिथेच वळते.

ब्रुनेलेस्की १४२७ च्या सुमारास या कामातून बाहेर पडला, आणि पुढचं काम फ्रांचेस्को देल्ला लुना यानं पाहिलं. दर्शनी भिंतीच्या टोकाशी आडवी पट्टी अचानक काटकोनात वळून खाली उतरते. ती त्याची करामत, आणि पुढे चरित्रकार वासारीनं त्याबद्दल त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मला विचाराल तर त्या वळणानं डोळा क्षणभर अडखळतो हे खरं, पण इमारतीचा तोल काही ढळत नाही. मूळ आराखडाच इतका पक्का आहे.

पैसा कुठून आला? प्रातो हे फ्लॉरेन्सजवळचं कापडव्यापाराचं गाव. तिथला फ्रांचेस्को दातिनी हा लोकरीपासून चिलखतापर्यंत सगळ्याचा व्यापार करणारा धनाढ्य सावकार १४१० मध्ये वारला. त्याच्या मागे राहिलेली सुमारे दीड लाख पत्रं इतिहासकारांसाठी खजिना ठरली. त्याला पत्नी मार्गेरिता हिच्यापासून मूल झालं नाही. घरातल्या लुचिया नावाच्या गुलाम स्त्रीपासून मात्र जिनेव्रा ही मुलगी झाली, आणि मार्गेरितानं तिला घरात वाढवलं. मृत्युपत्रात दातिनीनं फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयाकडे १००० सोन्याचे फ्लोरिन ठेवले, ते टाकलेल्या मुलांसाठी नवी जागा उभी करण्याकरता. त्याचा मित्र लापो मात्सेई हा याच रुग्णालयाचा नोटरी. त्याच्या सल्ल्याचा यात वाटा होता. या देणगीला पुढे आधार दिला रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे आर्ते दि पोर सांता मारिया या संघानं. सोनारही याच संघात मोडत, आणि ब्रुनेलेस्की मुळातला सोनार, तेव्हा वास्तुकार घरचाच मिळाला.

मग लढाया आल्या, तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, काम रखडलं. पाया घातल्यानंतर सुमारे पाव शतकानं, १४४५ च्या आरंभी, दारं उघडली. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला पहिलं मूल आलं. मुलगी होती. तो दिवस संत आगाताचा, म्हणून तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं. मूळ वहीत साल मात्र १४४४ आहे, कारण फ्लॉरेन्सचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये गेला. म्हणजे आपण बांधलेल्या घरात लेकरं यायला लागलेली त्याच्या हयातीतच दिसली.

या ‘वही’साठीच मी इथे पुन्हा पुन्हा थबकले. इमारतीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण मला या जागेचा खरा वारसा त्या नोंदवह्यांत आहे असं वाटतं. मूल आलं की तारीख आणि वेळ लिहायची. कुणी आणून सोडलं ते कळलं तर लिहायचं. अंगावर काय होतं, कसलं दुपटं, कसली चिंधी, बाप्तिस्मा झाला होता का, सोबत चिठ्ठी होती का, तेही लिहायचं. मग नाव. मग कुठल्या दाईकडे पाठवलं, तिच्या नवऱ्याचं नाव काय, महिना किती ठरला. व्यापाऱ्यांनी चालवलेली संस्था ती, हिशेब ठेवण्याची सवय त्यांच्या हाडीमांसी भिनलेली. पण ज्याला जगात कुणी आपलं म्हणायला तयार नव्हतं, त्याच्या नावानं पान उघडलं गेलं ही गोष्ट व्यापाराच्या पलीकडची आहे. त्या काळात गरिबाचं मूल आलं काय, गेलं काय, कागदावर त्याचा मागमूस क्वचितच राही. इथे मात्र आईनं नाकारलेल्या तान्ह्याचाही तपशील पाचशे वर्षांनंतर वाचता येतो.

आता ओसरीकडे परत येऊ आणि मान वर करू. दोन कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत गोल कोनाडे आहेत. ब्रुनेलेस्कीच्या काळापासून ते साठेक वर्षं रिकामेच होते. १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रोब्बियानं त्यांत भाजक्या मातीची, चकचकीत झिलई दिलेली बाळं बसवली: निळ्या गोलावर पांढरं बाळ, एकेका गोलात एक. ही झिलई त्याच्या काकानं, लुका देल्ला रोब्बियानं सिद्ध केली होती. कथिलाच्या मिश्रणानं ती दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक होते, आणि भट्टीतून निघाली की ऊन-पावसाला दाद देत नाही. म्हणून उघड्यावर पाच शतकं काढूनही निळा रंग अजून टवटवीत आहे. दोन टोकांकडची काही बाळं एकोणिसाव्या शतकातली भर आहे, पण आंद्रेआची मूळ बाळं नजरेला सहज ओळखू येतात.

खालून पाहिलं तर सगळी बाळं सारखीच वाटतात. एकेकाखाली थांबून पाहावं. प्रत्येक बाळ छातीखालून पावलांपर्यंत पट्ट्यांत आवळून बांधलेलं आहे, त्या काळी तान्ह्यांना बांधत तसं. दोन्ही हात मात्र मोकळे, किंचित पसरलेले, तळवे आपल्याकडे. एकाचं डोकं उजवीकडे कललेलं, एकाचं डावीकडे. एक थेट समोर बघतं. कुणाच्या पट्ट्या घट्ट, कुणाच्या सुटायला लागलेल्या, आणि एकदोघांच्या तर सरकून खाली आलेल्या, पायाची बोटं बाहेर. कुणाच्या कपाळावर केसांची वळणं दाट, कुणाच्या विरळ. म्हणजे साच्यातून काढलेली एकसारखी ओळ नव्हे, वेगवेगळी मुलं. वहीत प्रत्येकाला स्वतःचं पान होतं आणि भिंतीवर प्रत्येकाला स्वतःचा चेहरा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं आपल्या बोधचिन्हासाठी यातलंच एक बाळ निवडलं.

ओसरीच्या डाव्या टोकाला, चर्चच्या बाजूला, भिंतीत लोखंडी गजांची एक खिडकी आहे. सुरुवातीच्या काळात मूल ठेवायला ओसरीत दगडी कुंडी असे. सतराव्या शतकात, १६६० मध्ये, ती काढून ही गजांची खिडकी आली. गजांमधली जागा एवढीच, की नुकतं जन्मलेलं मूल आत सरकवता यावं; थोडं मोठं झालेलं मूल त्यातून जाऊ नये. त्याखाली उभं राहिलं की मोजमाप आपोआप मनात होतं, आणि पोटात कालवतं. वर एक शिलालेख आहे. तो सांगतो की १८७५ पर्यंत ही सोय इथे होती. मूल ठेवायचं, घंटा वाजवायची, अंधारात निघून जायचं. आतून कुणी विचारायचं नाही, तू कोण.

कोण होत्या त्या? सगळ्यांच्या कहाण्या एका साच्यातल्या नव्हत्या. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरांत काळ्या समुद्राकडून आणलेल्या तार्तार आणि सर्केशियन गुलाम बायका असत. मालकापासून त्यांना झालेली मुलं इथे येत. आईच्या इच्छेला त्यात काही किंमत नव्हती. दातिनीच्या घरची जिनेव्रा वाचली. तशा अनेक जिनेव्रांना या दगडी कुंडीचाच आसरा होता. याशिवाय विधवा होत्या, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली होत्या, आणि दुष्काळात किंवा युद्धात पोट भरेनासं झालेली रीतसर लग्नाची जोडपीही होती. मुलांपेक्षा मुली जास्त येत. हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला फारसं नवल वाटू नये.

आणि इथे सगळं भलं भलंच झालं असं मात्र समजू नये. त्या काळात बाळाला जगवायला आईचं दूध हाच उपाय, आणि इथे शेकडो बाळांना दूध हवं. थोड्या दाया संस्थेतच राहत. बाकीची मुलं मुजेल्लोसारख्या डोंगरपट्ट्यांतल्या खेड्यांत दूध पाजणाऱ्या बायकांकडे पाठवली जात. त्या बायकांचे नवरे महिन्याचे पैसे न्यायला येत. कधी दूध कमी असे, कधी दाईचं स्वतःचं मूल आधी भरवलं जाई, कधी वाटेतच थंडीनं जीव जाई. देवी, गोवर, हगवण होतीच. वाईट वर्षांत आलेल्या मुलांपैकी निम्मी, कधी त्याहूनही जास्त, पहिलं वर्ष पार करत नसत. त्याच वह्यांत, त्याच शांत अक्षरात, मृत्यूची तारीखही आहे. इमारतीच्या सौंदर्यानं भारावून जाताना हे पान उलटून पुढे जाता कामा नये. चांगला हेतू होता, चांगला पैसा होता, उत्तम वास्तुकार होता, तरी वैद्यकाला जे माहीत नव्हतं ते माहीत नव्हतं.

आत गेलं की पहिला लागतो तो पुरुषांचा चौक. आपल्या वाड्यांतल्यासारखा चारी बाजूंनी ओसरी असलेला, चौरस. भिंतींवर गिलावा खरवडून काढलेली चित्रं आहेत, त्यांत तीन चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतात: बंद दरवाजा, कोंबडा आणि शिडी. दरवाजा हा रेशीम संघाचा. कोंबडा सान गाल्लो रुग्णालयाचा, शिडी सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयाची. ही दोन्ही जुनी रुग्णालयं पुढे इन्नोचेंतीत विलीन झाली, पहिलं १४६३ मध्ये आणि दुसरं १५३६ मध्ये. इथल्याच एका दारावर आंद्रेआ देल्ला रोब्बियाचं अर्धगोलातलं ‘देवदूताचं आगमन’ आहे, पुन्हा तेच निळं आणि पांढरं.

स्त्रियांचा चौक आत, लांबट आणि चिंचोळा. खांब सडपातळ, आयोनिक धाटणीचे. पुरुषांच्या चौकात सगळ्यांचं येणंजाणं, पण या चौकात आलं की आवाज कमी होतात. इथे राहणाऱ्या मुली आणि बायका कित्येकदा उंबरठ्याबाहेर पडतच नसत. मुलगे मोठे झाले की शहरातल्या कारागिरांकडे काम शिकायला जात. मुलींना शिवण, विणकाम, रेशीम उकलणं शिकवलं जाई. संस्था हुंडा देऊन काहींची लग्नं लावून देई, काही मठात जात, आणि ज्यांचं काहीच जमत नसे त्या इथेच म्हाताऱ्या होत. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेत रेशमाचंच काम करत आयुष्य काढलेल्या या बायकांचे हात कुठल्याही चित्रात दिसत नाहीत. मला हा चौक दर्शनी ओसरीपेक्षाही जवळचा वाटला. तिथे सौंदर्य चौकाकडे, शहराकडे तोंड करून उभं आहे. इथे ते फक्त आत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तरी तितकंच जपून केलेलं.

सोळाव्या शतकात मुलांची आणि बायकांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. १५५२ पासून १५८० पर्यंत इथला प्रमुख होता विंचेन्झो बोर्गिनी: विद्वान साधू, भाषाशास्त्राचा आणि फ्लॉरेन्सच्या इतिहासाचा अभ्यासक, वासारीचा मित्र. संस्थेकडे लोक पैसे ठेव म्हणून ठेवत, पेढीसारखं व्याज घेत. शहरावर राज्य करणाऱ्या मेदिचींचा दरबारही या पैशाला हात घाली. अखेरीस डोईजड कर्ज झालं. बोर्गिनीची बहुतेक उमेद या हिशेबात खर्ची पडली.

संग्रहालय आताच्या रूपात २०१६ मध्ये उघडलं. तळघरात संस्थेचा आणि मुलांचा इतिहास, मधल्या मजल्यावर इमारतीचा, वर चित्रं. घाई असेल तरी तळघर चुकवू नये. तिथे लहान लहान खणांच्या कपाटांची एक भिंत आहे. प्रत्येक खणावर एका मुलाचं नाव. खण ओढला की आत मुलासोबत सापडलेली वस्तू. बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या.

मी ओढलेल्या खणांत काय होतं ते सांगते. मारियेचं चित्र कोरलेलं एक पदक, पण अर्धंच. काठ वेडावाकडा, कात्रीनं दाबून कापलेला. एका नाण्याचा तुकडा, दोरा ओवायला भोक पाडलेला. काचेचे मणी, तीनच. कापडाची पट्टी, तिच्यावर टाक्यांची एक नागमोडी ओळ, आणि टोकाशी ओळ तुटलेली, कारण उरलेली पट्टी दुसरीकडे होती. पदकाचा दुसरा अर्धा भाग आईनं स्वतःजवळ ठेवलेला असे. दिवस पालटले, पैसा आला, लग्न झालं, तर येऊन आपला तुकडा दाखवायचा, संस्थेनं वहीतली नोंद काढायची, दोन्ही काठ जुळवून बघायचे. जुळले तर मूल परत. असं झालेलं आहे, पुष्कळदा झालेलं आहे. आणि जे तुकडे या खणांत आहेत, ते जुळायला कुणी आलं नाही. पदकाच्या त्या कापलेल्या काठावरून बोट फिरवता येत नाही, काच मध्ये आहे. मला ते बरंच वाटलं.

वर गेलं की दोमेनिको गिर्लांदायोचं ‘ज्ञानी राजांचं वंदन’ आहे, १४८८ मध्ये इथल्या चर्चच्या वेदीसाठी पुरं केलेलं. चित्रकलेच्या अभ्यासकांना हे चित्र त्याच्या करारामुळेही माहीत आहे. २३ ऑक्टोबर १४८५ च्या त्या करारात संस्थेचा प्रमुख फ्रांचेस्को तेसोरी यानं सगळं लिहून घेतलं: किंमत ११५ मोठे फ्लोरिन, हप्ता महिना तीन फ्लोरिन, काम तीस महिन्यांत, सगळं चित्रकारानं स्वतःच्या हातानं करायचं, आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिनच्या दर्जाचा अल्ट्रामरीनच हवा. हा निळा म्हणजे लाजवर्द दगड कुटून काढलेला. दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, म्हणून सोन्याच्या बरोबरीनं मोजला जाई. अनाथालयाच्या वेदीवर स्वस्तातला निळा चालेल असं तेसोरीला वाटलं नाही. चित्रासमोर उभं राहिल्यावर मारियेच्या वस्त्राकडे बघून त्याचं म्हणणं पटतं.

पण डोळे फार वेळ मारियेवर राहत नाहीत. खाली, अगदी पुढे, दोन लहान मुलं गुडघे टेकून बसली आहेत, दोन संतांनी हात देऊन पुढे आणलेली. पातळ पांढरे सदरे, डोक्यामागे तेजोवलय, आणि अंगावर जखमा. बेथलेहेममध्ये नवा राजा जन्मला या भीतीनं हेरोदनं तान्ह्या मुलांची कत्तल करवली अशी कथा आहे. ती कत्तलही मागच्या दृश्यात रंगवली आहे. त्या निरपराध, म्हणजे ‘इन्नोचेंती’, मुलांवरूनच संस्थेचं नाव आलं. गर्दीत काळ्या वस्त्रातला तेसोरी स्वतः उभा आहे. आठवड्यातून कित्येकदा या चित्रासमोर इथली मुलं प्रार्थनेला बसत असणार. राजे, घोडे, दूरचं बंदर या सगळ्यांआधी त्यांना आपल्याच वयाची ती दोन मुलं दिसली असतील, देवाच्या सर्वांत जवळ बसलेली.

इथल्या इतर चित्रांपैकी तरुण बोत्तिचेल्लीची मारिया-बाळ-देवदूत, पिएरो दि कोझिमोचं वेदीचित्र आणि दोमेनिको दि मिकेलिनोची मारिया बघावी. शेवटच्या चित्रात ती आपला शेला पसरून इथल्या मुलांना पोटाशी घेते.

३० जून १८७५ ला खिडकी बंद झाली. शेवटी आलेल्या दोन मुलांची नावं नोंदवहीत उल्तिमो लाशाती आणि लाउदाता किउसुरी अशी आहेत. लिहिणाऱ्यानं ‘शेवटचा टाकलेला’ आणि ‘बंद झालं ते बरं’ असे अर्थ त्यांच्या गळ्यात कायमचे बांधले. त्याआधीच्या शतकांत इथल्या मुलांना इन्नोचेंती, देलिन्नोचेंती, नोचेंतिनी अशी आडनावं मिळत गेली होती.

१८७५ हे साल वाचलं आणि पंढरपूर आठवलं. त्याच साली तिथे प्रार्थना समाजाच्या लोकांनी अनाथ बालकाश्रम सुरू केला. वारीच्या गर्दीत टाकून दिलेली अर्भकं सापडत होती, त्यांना छप्पर हवं होतं. त्याच्याही बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि विधवांना उघड सांगितलं की या, गुपचूप बाळंत व्हा, मूल सोडून गेलात तरी आम्ही सांभाळू. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. फ्लॉरेन्समधल्या त्या खिडकीपाशी ज्या भीतीनं बायका येत, तीच भीती पुण्याच्या गल्ल्यांतही होती: समाजाची, घरच्यांची, पोटातल्या जिवाची. फ्लॉरेन्सला ते काम व्यापाऱ्यांच्या श्रीमंत संघानं उभं केलं आणि ते चारशे वर्षं चाललं. पुण्यात एका जोडप्यानं आपल्याच घरात ते उचललं, तेही आजूबाजूच्या कडवट विरोधात. दोन्हीकडचा मोठेपणा मला सारखाच वाटतो, पण फुल्यांपाशी इमारत नव्हती, ब्रुनेलेस्की नव्हता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सर्वांत वर ‘व्हेरोने’ म्हणतात ती उघडी, खांबांची गच्ची आहे. एकेकाळी इथे कपडे वाळत घालत. शेकडो बाळांची बाळोती, चादरी, दाईंचे झगे. वारा लागावा म्हणूनच ती एवढ्या उंचावर बांधलेली. आता तिथे कॉफीचं दुकान आहे आणि समोर ब्रुनेलेस्कीचा घुमट, जवळ वाटावा असा. कॉफी घ्यावी, बसावं.

संग्रहालय बघून झालं म्हणजे इन्नोचेंती संपली असं होत नाही, कारण ही इमारत अजून आपलंच काम करते आहे. इस्तितुतो देलि इन्नोचेंती ही संस्था आजही पाळणाघरं चालवते, अडचणीतल्या आयांना मुलांसह आसरा देते, बालहक्कांवर संशोधन करते. युनिसेफचं संशोधन केंद्र १९८८ मध्ये इथे सुरू झालं. इटलीच्या कायद्यानं आता कुठल्याही स्त्रीला रुग्णालयात जाऊन, आपलं नाव न सांगता, बाळंत होता येतं. मूल सुरक्षित राहतं आणि त्याची नोंद होते. आणि जुन्या वह्या अभिलेखागारात जपून ठेवलेल्या आहेत. इन्नोचेंती किंवा नोचेंतिनी हे आडनाव लावणारी तोस्कानातली माणसं आपल्या पणजोबाचा माग काढत तिथे पोचतात, तेव्हा कर्मचारी सालाची वही काढून पान उघडून देतात: तारीख, वेळ, अंगावरचं दुपटं, सोबतची खूण, दाईचं गाव.